अजून काय राहिलंय?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीच्या हट्टाखातर मी आणि आई तिच्याबरोबर कोल्हापुरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये एका इंग्रजी चित्रपटमालिकेचा नवा भाग पाहायला गेलो होतो. चित्रपट संपला, पडद्यावर नावांची रांग वर सरकू लागली, दिवे अर्धवट लागले, तरी सभागृहातले कोणी उठेना. दाराशी सफाई करणाऱ्या दोन बायका झाडू आणि काळ्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या; पुढच्या खेळाआधी सगळ्या रांगा झाडून व्हायच्या होत्या, आणि त्यांची नजर एकदा पडद्याकडे, एकदा आमच्याकडे अशी फिरत होती. आईने आसनाखाली काढून ठेवलेल्या चपला पायांत सारल्या आणि विचारले, "काय राहिलंय अजून?" भाची पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "आजी, थांब की. पुढच्या भागाचं दाखवणार आहेत." सात-आठ मिनिटे थांबल्यावर अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा आला, त्यात एक अनोळखी माणूस एक वाक्य बोलला, सभागृहात टाळ्या पडल्या आणि मग सगळे उठले.

आईने तो प्रश्न कंटाळून विचारला होता. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या चित्रपटमालिकांना आणखी भागांची खरोखर गरज आहे का, याचा विचार करताना मला त्याहून नेमका प्रश्न सापडलेला नाही. गोष्टीत अजून काही राहिले आहे का? राहिले असेल तर पुढचा भाग हवा. राहिले नसेल, तरीही तो निघतो, आणि तो का निघतो हे समजून घ्यायचे तर गोष्ट बाजूला ठेवून व्यवहार पाहावा लागतो. या लेखात दोन्ही बाजू शक्य तितक्या सोप्या करून मांडत आहे.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आधीच्या चित्रपटाच्या कथेनंतर जे घडते ते सांगणारा चित्रपट म्हणजे सिक्वेल, म्हणजेच पुढचा भाग. कथेच्या आधी जे घडले ते नंतर सांगणारा तो प्रीक्वेल. जुनी मांडणी पुसून तेच पात्र नव्या नटासह पहिल्यापासून सुरू केले तर त्याला रीबूट म्हणतात. या सगळ्यांना पोटात घेणारी, एका नावाखाली वर्षानुवर्षे चालणारी मालमत्ता ती फ्रँचायझी. मालमत्ता हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण कायद्याच्या आणि हिशेबाच्या दृष्टीने ती तशीच असते: तिचा मालक असतो, ती विकत घेता येते, भाड्याने देता येते आणि वापरली नाही तर हातची जाऊही शकते.

यापेक्षा महत्त्वाचा भेद मात्र नावांत दिसत नाही. काही मालिकांत एकच कथा लांबत जाते आणि काही मालिकांत पात्र तेच राहून कथा दर वेळी नवी असते. हॅरी पॉटरचे २००१ ते २०११ या काळातील आठ चित्रपट पहिल्या प्रकारचे आहेत. त्यांच्यामागे सात पुस्तके होती, पुस्तके संपली तेव्हा चित्रपटांची ती मालिकाही संपली. जेम्स बाँड हा दुसऱ्या प्रकारचा. १९६२ पासून २०२१ पर्यंत मूळ निर्मात्यांनी पंचवीस बाँडपट काढले, नट बदलत गेले, पण बहुतेक चित्रपटांत कामगिरी नवी आणि शत्रू नवा, त्यामुळे तेरावा भाग पाहण्यासाठी बारावा पाहिलेला असण्याची अट नव्हती. आपल्याकडच्या कीर्तनाला जाणाऱ्या माणसाला हा दुसरा प्रकार परका वाटणार नाही. पूर्वरंगानंतर बुवा आख्यानाला उभे राहतात तेव्हा हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे सभामंडपातल्या लहान पोरालाही ठाऊक असते; पण आजचे आख्यान आजच पुरे होते आणि उरलेले ऐकायला पुढच्या वर्षी या, असे बुवा सांगत नाहीत. "पुढच्या भागांची गरज आहे का" हा प्रश्न या दोन प्रकारांना सारखा लागू होत नाही, आणि बहुतेक चर्चा येथेच गोंधळते.

आता व्यवहाराकडे वळू. चित्रपट हा असा माल आहे की गिऱ्हाईक पैसे आधी देते आणि माल कसा आहे हे नंतर कळते. साडी हाताने चाचपून घेता येते, गुळाची चव घेऊन ढेप ठरवता येते. तिकिटाचे तसे नाही. म्हणून अनोळखी चित्रपटाच्या निर्मात्याला आधी हा चित्रपट कशाबद्दल आहे, मग तो का पाहावा, हे सगळे जाहिरातीवर खर्च करून पटवावे लागते. नावापुढे २ किंवा ३ असा आकडा असला की त्यातला पहिला खर्च वाचतो. लोकांना पात्रे माहीत असतात, चाल माहीत असते, पहिल्या भागाची आठवण असते. पुढचा भाग चांगलाच निघेल याची हमी त्या आकड्याने मिळत नाही. पण पहिल्या तीन दिवसांत लोक येतील याची बऱ्यापैकी खात्री मिळते, आणि निर्मात्याला पहिले दिवस का महत्त्वाचे वाटतात हे तिकिटाच्या पैशांची वाटणी पाहिल्याशिवाय कळत नाही.

२००९ मध्ये हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात या वाटणीवरून सुमारे दोन महिने वाद चालला आणि त्या काळात मोठे नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत. शेवटी जो समझोता झाला त्यानुसार कर वजा जाता उरलेल्या उत्पन्नातून निर्माता-वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्या आठवड्यात ४२.५ टक्के, तिसऱ्या आठवड्यात ३७.५ टक्के आणि त्यानंतर ३० टक्के मिळावेत असे ठरले. एक साधा हिशेब करू. कर जाऊन शंभर रुपये उरतील असे तिकीट धरले तर प्रेक्षक पहिल्या आठवड्यात आला की निर्मात्याच्या पदरी पन्नास रुपये पडतात. तोच प्रेक्षक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून चित्रपट चांगला आहे असे ऐकून चौथ्या आठवड्यात आला तर तीसच. म्हणजे हळूहळू कानोकानी पसरणाऱ्या चित्रपटापेक्षा पहिल्या शुक्रवारी झुंबड उडवणारा चित्रपट निर्मात्याला त्याच गर्दीत अधिक पैसे देतो. ज्या वाटणीत पहिल्या आठवड्याला एवढे वजन आहे, तेथे ओळखीचे नाव वापरण्याचा मोह होणारच. हा मोह निर्मात्यांच्या आळशीपणातून येतो असे मी मानत नाही. वाटणीचे गणितच त्यांना तिकडे ढकलते.

दुसरे कारण खरेदीचे. डिस्ने कंपनीने २०१२ मध्ये स्टार वॉर्सची मालकी असलेली लुकासफिल्म ही कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरना विकत घेतली. एवढी रक्कम मोजून घेतलेली जमीन कोणी पडीक ठेवत नाही. मूळ तीन चित्रपट १९७७ ते १९८३ मध्ये आले होते आणि त्यानंतरचे तीन १९९९ ते २००५ मध्ये. नव्या मालकाने मात्र २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत पाच चित्रपट काढले. त्यांपैकी पहिल्याने जगभरात २०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला आणि चौथ्याची, म्हणजे २०१८ च्या 'सोलो'ची, कमाई ४० कोटींच्या आतच राहिली. त्याचा निर्मितीखर्चच २५ कोटींच्या वर गेला होता. कमाईतला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा असतो हे लक्षात घेतले की हा व्यवहार तोट्याचा का ठरला ते उघड होते.

तिसरे कारण अनेकांना ठाऊक नसते, ते म्हणजे हक्कांची मुदत. एखाद्या पात्रावर चित्रपट काढण्याचे हक्क पुष्कळदा ठरावीक काळापुरते दिलेले असतात, आणि त्या काळात चित्रपट सुरू झाला नाही तर ते मूळ मालकाकडे परत जातात. कुळाने जमीन कसली नाही तर ती त्याच्याकडून काढून घेतली जाते, तसाच हा प्रकार. 'फँटॅस्टिक फोर' या कॉमिकच्या हक्कांची मुदत १९९२ अखेर संपत होती. ती संपू नये म्हणून अगदी तुटपुंज्या खर्चात एक चित्रपट घाईने सुरू करण्यात आला, पुरा झाला आणि अधिकृतपणे कधीच प्रदर्शित झाला नाही. त्यात जीव ओतलेल्या नटांना आपले काम चित्रपटगृहात कधी दिसलेच नाही. स्पायडरमॅनच्या मोठ्या पडद्यावरील नायकाचा चेहरा २००७ ते २०१७ या दहा वर्षांत दोनदा बदलला, त्यामागेही हक्क टिकवून धरण्याचा दाब होताच. अशा वेळी पुढचा भाग निघतो तो वकिलाच्या तारखेसाठी, आणि पडद्यावर त्याचे कारण शोधत बसलेला प्रेक्षक उगाच गोंधळतो.

ही सगळी कारणे एकत्र केली की २०२४ चे चित्र आश्चर्याचे वाटत नाही. त्या वर्षी जगभरात सर्वाधिक कमाई करणाऱ्या दहा चित्रपटांपैकी नऊ चित्रपट कुठल्या तरी आधीच्या चित्रपटाचे पुढचे किंवा मागचे भाग होते. दहावाही एका गाजलेल्या संगीतिकेवर बेतलेला होता.

याच्या आधारे काही जण म्हणतात की लोकांना हेच हवे आहे, मग गरजेचा प्रश्न कसला. हा युक्तिवाद मला पटत नाही, आणि त्याचे उत्तर कोल्हापूरच्या माणसाला कुस्तीच्या भाषेत सहज देता येईल. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात लोक कुस्ती पाहायला जातात ते निकालासाठी. पाठ जमिनीला लागली, कुस्ती चितपट झाली, की फेटा उडतो आणि विषय संपतो. कुस्ती बराच वेळ चालून बरोबरीत सोडवावी लागली तर मात्र गावोगावी चर्चा सुरू होते आणि तीच जोड पुन्हा लागावी अशी मागणी येते. ती मागणी खरी असते, कारण प्रश्न मिटलेला नसतो. पण निकाली झालेल्या कुस्तीची तीच जोड पुन्हा लावायची असेल तर आधी लोकांना सांगावे लागते की मागचा निकाल खरा नव्हता. लांबलेल्या चित्रपटमालिका नेमके हेच करू लागतात, आणि माझ्या मते त्यांच्यातला सगळ्यात मोठा दोष हाच आहे.

टर्मिनेटरचे उदाहरण घ्या. १९८४ च्या पहिल्या चित्रपटात यंत्रांविरुद्धच्या भावी लढ्याचा नेता जन्माला येऊ नये म्हणून त्याच्या आईला मारायला भविष्यातून यंत्रमानव येतो. १९९१ च्या दुसऱ्या भागात तो मुलगा दहा-बारा वर्षांचा आहे, त्याला वाचवायलाही एक यंत्रमानव येतो आणि अखेरीस तो संरक्षक स्वतःला वितळत्या धातूत सोडायला लावतो, म्हणजे तो विनाश कधी घडूच नये. कुस्ती निकाली झाली होती. २००३ च्या तिसऱ्या भागाने सांगितले की विनाश टळला नव्हता, फक्त लांबला होता. २०१९ च्या सहाव्या भागाने तर सुरुवातीलाच त्या मुलाला मारून टाकले, ज्याच्यासाठी पहिल्या दोन चित्रपटांतल्या सगळ्यांनी जिवावर उदार होऊन धडपड केली होती. हा भाग प्रेक्षकांनी नाकारला यात नवल नाही. मला वाईट वाटते ते याचे, की नंतरच्या चित्रपटाने आधीच्या चित्रपटातले दुःख आणि त्याग खोटे ठरवले. स्टार वॉर्समध्ये १९८३ साली संपलेला सम्राट २०१९ मध्ये पुन्हा उठून बसला, तेव्हाही तसेच झाले.

कमाई झाली म्हणून गरज सिद्ध होत नाही, याचे सौम्य उदाहरण 'टॉय स्टोरी'चे आहे. २०१० च्या तिसऱ्या भागात कॉलेजला निघालेला अँडी आपली खेळणी शेजारच्या लहान मुलीच्या हवाली करतो, आणि १९९५ मध्ये सुरू झालेली गोष्ट पूर्णविरामापाशी येते. तरी २०१९ मध्ये चौथा भाग आला; त्याने १०० कोटी डॉलरहून अधिक मिळवले, ऑस्करही मिळवले. तो वाईट नव्हता. पण तिसऱ्या भागानंतर घरी परतणाऱ्या कोणाच्याही मनात "अजून काय राहिले" असा प्रश्न आला नव्हता.

मग काही तरी राहिलेले असते, असे कधी म्हणता येते? सर्वांत सरळ प्रकार म्हणजे एकच कथा लांबीमुळे दोन भागांत विभागणे. 'बाहुबली'चा २०१५ चा पहिला भाग एका प्रश्नावर थांबला आणि २०१७ पर्यंत तो प्रश्न रिक्षावाल्यांपासून लग्नमंडपापर्यंत सर्वत्र चघळला जात होता. तो दुसरा भाग हे आधीच्या कथेचे देणे होते. 'दृश्यम'चे देणे अधिक सूक्ष्म आहे. मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा, त्याचे हिंदी रूप २०१५ मध्ये निशिकांत कामत या मराठी दिग्दर्शकाने केले. त्याच्या शेवटी नायक सुटतो, पण प्रेत ज्या जागी पुरलेले असते ती जागा पाहता तो जन्मभर निर्धास्त झोपू शकणार नाही हे आपल्याला कळते. हिंदीतला दुसरा भाग २०२२ मध्ये आला आणि त्याने तीच बेचैनी उचलली. सात वर्षांचे अंतर त्या कथेला बाधले नाही, उलट भीती मुरायला तेवढा काळ लागतोच.

याहून वेगळा प्रकार २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'चा. तेथे पहिल्या चित्रपटातले काहीच अपुरे नव्हते. पण मुन्ना आणि सर्किट ही जोडी घेऊन लेखकांनी अगदी नवा प्रश्न विचारला: दादागिरीवर पोट भरणाऱ्या माणसाला गांधी दिसू लागले तर काय होईल? जुनी पात्रे नव्या प्रश्नाला सामोरी गेली म्हणून तो चित्रपट उभा राहिला.

मराठीत मला या दृष्टीने 'मुंबई-पुणे-मुंबई' फार समजुतीने रचलेली मालिका वाटते. २०१० च्या पहिल्या चित्रपटात मुंबईची मुलगी पुण्यात स्थळ पाहायला येते आणि एका दिवसाची भेट, एवढीच गोष्ट. २०१५ मध्ये त्यांचे लग्न ठरण्याची धांदल आणि मनातली धाकधूक आली, २०१८ मध्ये मूल होण्याचा प्रश्न आला. ओळख, लग्न, मूल हे टप्पे मराठी घरात आपोआपच एकापुढे एक येतात, त्यामुळे पुढच्या भागासाठी आधीचा सुखान्त मोडावा लागला नाही. भेटीचा आनंद लग्नाने खोटा ठरत नाही. तरीसुद्धा तिन्ही चित्रपटांची तुलना केली तर पहिल्याचा मोकळेपणा पुढच्या दोघांत तितका राहिलेला नाही असे मला वाटते; दोन माणसे आणि एक शहर एवढ्यावर भागणारी गोष्ट पुढे नातेवाइकांनी भरून गेली.

'झपाटलेला'बद्दल लिहिताना हात जरा अडखळतो. १९९३ च्या त्या चित्रपटात बाहुल्याइतकाच, किंबहुना अधिक, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भेदरलेल्या चेहऱ्याचा वाटा होता. २००४ मध्ये ते गेले. २०१३ मध्ये दुसरा भाग आला, बाहुला परत आला, तंत्र तर थ्रीडीपर्यंत पोहोचले. पण घाबरणारा माणूस नव्हता. मालिकेच्या मालकीच्या कागदावर पात्राचे नाव लिहिता येते, नटाचा विनोदाचा ठोका लिहिता येत नाही. याउलट १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'चा दुसरा भाग कधी आलाच नाही. म्हणून तो विसरला गेला का? आमच्या घरात तो दूरदर्शनवर, मग केबलवर, आता मोबाइलवर लागतो, आणि त्या चित्रपटानंतर वीस-पंचवीस वर्षांनी जन्मलेल्या मुलांना त्यातले संवाद पाठ आहेत. चित्रपट जिवंत ठेवायला पुढचा भाग लागतो, हे म्हणणे येथे टिकत नाही.

पुनःप्रदर्शनांनीही हेच दाखवले आहे. 'तुंबाड' २०१८ मध्ये पहिल्यांदा लागला तेव्हा चित्रपटगृहांत त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला होता; सप्टेंबर २०२४ मध्ये तोच चित्रपट पुन्हा लावला गेला आणि त्याची कमाई पहिल्या वेळेपेक्षा जास्त झाली. लोकांना जे पुन्हा हवे असते ते कधी कधी तोच जुना चित्रपट, मोठ्या पडद्यावर आणि अंधारात, एवढेच असते. ही मागणी भागवायला नवे चित्रीकरणही लागत नाही.

आता दमणुकीविषयी, कारण ती खरी आहे पण तिचे कारण अनेकदा चुकीचे सांगितले जाते. मार्व्हलची मालिका २००८ मध्ये 'आयर्न मॅन'ने सुरू झाली, आणि २०१९ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'ने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले. चारच वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच मालिकेतल्या 'द मार्व्हल्स'ला सुमारे २१ कोटींवर थांबावे लागले. लोकांना अतिमानवांचा कंटाळा आला असे म्हणावे तर २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने १३० कोटींचा टप्पा ओलांडला. मला वाटते कंटाळा आला तो अभ्यासाचा. २०२१ पासून या मालिकेत घरबसल्या पाहायच्या मालिकाही जोडल्या गेल्या, आणि 'द मार्व्हल्स'च्या तीन नायिकांपैकी एक जुन्या चित्रपटातून तर दोघी अशा दोन वेगवेगळ्या मालिकांतून आलेल्या होत्या. चौघांच्या कुटुंबाने रविवारी तिकिटे, पॉपकॉर्न आणि येण्याजाण्याचे पेट्रोल यांवर हजार-दोन हजार रुपये खर्चायचे आणि त्याआधी कित्येक तासांचा गृहपाठही करायचा, ही अपेक्षा जास्तच आहे. त्या दिवशी आईला चित्रपट कळला नाही. त्यात तिची काही चूक नव्हती. गोष्ट सांगणाऱ्यानेच तिच्यासाठी दार उघडे ठेवले नव्हते.

ज्या कोल्हापुरात आपण हे बोलत आहोत, तेथे एकच कथा पुन्हा करण्याची परंपरा चित्रपटाच्या जन्मापासूनची आहे, हे विसरून चालणार नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली, आणि प्रभातने १९३३ मध्ये 'सैरंध्री' पुन्हा केला. तो का केला, याला उत्तर आहे: त्यांना तो बोलका आणि रंगीत करून पाहायचा होता, त्यासाठी त्याच्या प्रती जर्मनीतून करून आणल्या, रंग मनासारखे उतरले नाहीत, पण प्रयत्नामागचा हेतू स्वच्छ होता. बाबूरावांनी स्वतःचाच १९२५ चा 'सावकारी पाश' हा मूकपट १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केला. कर्जात जमीन गमावून देशोधडीला लागणारा तो शेतकरी पहिल्या वेळी मुका होता, दुसऱ्या वेळी त्याला वाचा मिळाली. या लोकांनी कथा लांबवली नाही, ती नव्याने सांगितली, आणि प्रत्येक वेळी आपल्याला आता काय नवे करता येते हे त्यांना ठाऊक होते. आजच्या एखाद्या सातव्या-आठव्या भागाबद्दल त्याच्या निर्मात्याला असे एका वाक्यात सांगता येईल का, अशी मला शंका आहे.

सगळ्याच जुन्या मालिका थकलेल्या आहेत असे मात्र नाही. गॉडझिला १९५४ मध्ये जपानमध्ये जन्मला आणि त्यावर तिसाहून अधिक चित्रपट निघाले, त्यांत पोरकट म्हणावेत असेही पुष्कळ. २०२३ मध्ये जपानी दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनी 'गॉडझिला मायनस वन' काढला. त्यांनी कथा युद्धात बेचिराख झालेल्या जपानमध्ये नेली, मरायला नेमलेला आणि जिवंत राहिल्याची लाज बाळगणारा वैमानिक नायक केला, आणि अमेरिकी चित्रपटांच्या मानाने अगदी थोड्या पैशांत दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळवले. सत्तर वर्षांच्या मालिकेला ते पहिल्यांदाच मिळाले. हा चित्रपट समजायला आधीचा एकही पाहिलेला नसला तरी चालतो. चांगले असले की चालतेच, असाही निष्कर्ष काढू नये: २०१५ च्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'ने सहा ऑस्कर मिळवली, पण त्याच दिग्दर्शकाचा त्याच जगातला २०२४ चा 'फ्युरिओसा' चांगला असूनही चित्रपटगृहांत आपटला.

मराठी चित्रपटाला हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण येथे पैसा थोडा आणि खेळ त्याहून थोडे. एका शुक्रवारी मोठी हिंदी किंवा दाक्षिणात्य मालिका आली की नव्या मराठी चित्रपटाच्या वाट्याला दुपारी बाराचा एखादा खेळ उरतो, आणि नोकरदार माणूस त्या वेळी जाऊ शकत नाही. ओळखीचे नाव हाताशी असेल तर मराठी निर्माताही ते वापरणार, आणि त्याला मी दोष देणार नाही. 'टाइमपास' तीन भागांपर्यंत आणि 'बॉईज' चार भागांपर्यंत गेला तो याच परिस्थितीत. फक्त ज्या थोड्या पैशांत एखाद्या नव्या लेखकाची पहिली गोष्ट उभी राहिली असती, ते पैसे त्यात गुंतले, एवढी जाणीव राहावी.

दिग्पाल लांजेकर यांनी वेगळी वाट धरली. शिवचरित्रावर आठ चित्रपट काढायचे असे ठरवून त्यांनी २०१८ मध्ये 'फर्जंद'ने सुरुवात केली, आणि २०२३ च्या 'सुभेदार'पर्यंत या संकल्पातले पाच चित्रपट आले. त्यांच्या मांडणीबद्दल मतभेद असू शकतात, माझेही काही आहेत; पण मालिकेची रचना मला पटते. किती भाग हे आधीच ठरलेले आहे, प्रत्येक भागात एक मोहीम किंवा एक प्रसंग पुरा होतो आणि कोणताही भाग आधीच्याचा निकाल फिरवत नाही.

त्यांतला 'पावनखिंड' फेब्रुवारी २०२२ मध्ये लागला तेव्हा मी तो कोल्हापुरातच पाहिला. पन्हाळगड येथून वीस किलोमीटरवर. दर पावसाळ्यात शेकडो लोक पन्हाळ्यावरून त्या खिंडीपर्यंत चिखल तुडवत चालत जातात, सभागृहातल्या अनेकांनी ती वाट पायाखाली घातलेली असणार. माझ्या पुढच्या रांगेत धोतर नेसलेले एक वयस्कर गृहस्थ नातवाला घेऊन बसले होते. खिंडीतला प्रसंग सुरू झाला तशा त्यांनी पायांतल्या चपला काढून आसनाखाली सरकवल्या. तोफांचे आवाज होईपर्यंत ते अनवाणीच बसून होते. मग नावांची रांग वर सरकू लागली, त्यांनी चपला घातल्या, नातवाचा हात धरला आणि दिवे पुरते लागायच्या आत ते दाराबाहेर पडले.